कोबुलेतीत बारा दिवस

ग्युमरीहून निघालो तेव्हा रात्रीचे दोन.
मागच्या सीटवर टरबूज, गॅसची शेगडी,
आणि हवा भरायची बाकी असलेली एक हिरवी मगर.
बावराच्या नाक्यावर शिपायानं टॉर्च मारली: कुठं?
"समुद्राकडे," बाबा म्हणाले,
जसं एखाद्या मामाचं नाव सांगावं.

आमच्या देशाला समुद्र नाही.
तो दरवर्षी भाड्यानं घ्यावा लागतो,
माणशी वीस लारी, चहाचं पाणी वेगळं.

नाझिब्रोलाबाई फाटकातच उभ्या होत्या, ओल्या हातांनी.
त्यांचं आणि आईचं बोलणं रशियनमध्ये,
दोघींचीही सारखीच मोडकी.
त्या भाषेत दोघींना आकडे येतात, दुखणी येतात,
आणि नवऱ्यांबद्दलचं थोडंफार.

आमच्या पलंगाखाली एक दप्तर होतं.
भूगोलाच्या वहीवर तेओनाचं नाव.
तेओना उन्हाळाभर आईबरोबर
कोंबड्यांमागच्या शेडमध्ये झोपते, हे मला
तिसऱ्या दिवशी कळलं. मी वही होती तशी ठेवली,
पण आधी उघडून बघितली होती.

काळा समुद्र काळा नव्हता.
वाळूही नव्हती, नुसते गोटे;
अनवाणी चालताना आम्ही सगळे
एकदम सत्तरीचे झालो.
बाबांना पोहता येत नाही. पँट दोन घड्या वर,
घोटाभर पाण्यात, हात मागे बांधून ते असे उभे
की लाटांची हजेरी त्यांच्याचकडे आहे.
कणसंवाला तीन भाषांत ओरडे, "गरम! गरम!"
आणि तिन्ही भाषांत खोटं बोले.
आई समुद्राकडे पाठ करून दगड निवडी:
चपटा, बशीएवढा, चीर नसलेला,
हिवाळ्यात खारवलेल्या कोबीवर ठेवायला.
लागतात चार. तिनं घेतले सहा.
शेजारीण मागेल.

नवव्या दिवशी तिनं विचारलं,
तुम्ही कधी उतरता पाण्यात?
नाझिब्रोलाबाई चादर पिळत होत्या,
एक टोक आईच्या हातात देऊन म्हणाल्या,
"ऑगस्टात? ऑगस्टात मला कुठला समुद्र."
घरापासून दोनशे चौदा पावलं. तेओनानं मोजलीयेत.

शेवटच्या रात्री फुटलेल्या कपावरून वाजलं दोघींचं.
आवाज चढले, रशियन संपली,
एक जॉर्जियनमध्ये, एक आर्मेनियनमध्ये,
आणि तरी एकही शब्द वाया गेला नाही.
मग आईनं त्यांचं ओलं मनगट धरलं
आणि दिवा न मालवता सगळे निघालो.

किनाऱ्यावर त्यांनी एप्रन काढला, घडी घातली,
उडू नये म्हणून वर आईचा एक दगड ठेवला
आणि गेल्या.
किंचाळणं नाही, थंडी वाजणं नाही,
शेजारच्या खोलीत जावं तशा.
डोकं दिसलं, मग दिसेना.
आई चपला हातात घेऊन हाका मारू लागली.
बाबांनी एक बूट काढला
आणि तो हातात धरून पुढचा विचार करू लागले.

तेवढ्यात लाटांच्या पलीकडून
उताणं पडलेला आवाज आला, शांत, पाठांतरासारखा:
"तेविसाला तिबिलिसीचे पाच.
पंचविसाला येरेवानचे चार, एक तान्हं.
मध्ये एक दिवस मोकळा."
जरा वेळानं पुन्हा, आता फक्त तेवढंच:
"मध्ये एक दिवस मोकळा."

सकाळी बिलात कप होताच. तीन लारी.
आईनं न बोलता दिले.
तेओना आमच्या खोलीत शिरून
खिडकी उघडत होती.

मगर डिकीत मावेना, तिची हवा
अर्ध्या रस्त्यापर्यंत सुस्कारत गेली.
घरी आल्यावर आईनं दगड धुतले, मोजले.
पाच.
पुन्हा मोजले नाहीत.