इसार

गुरुवारी साडेपाचला
जुन्या शाळेच्या पत्र्याखाली सोआझिक वही उघडते.
तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
नावापुढे खूण करायची आणि पेटी आपणच भरायची.
फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं:
सलगम दीड किलो, लीकची एक जुडी,
नवलकोल दोन, लहान असले तर तीन.
निवड नाही.
पदरी पडलं ते पवित्र.

पैसे आम्ही सप्टेंबरातच दिलेत,
बारा चेक एका पाकिटात,
तेव्हा ही गाजरं अजून बी होती
आणि बी गूलवेनच्या बिस्किटांच्या डब्यात.
बँकेने त्याला विचारलं होतं, तारण काय?
आम्ही विचारलं, पेटी किती वाजता?

मग वसंत आला तो सगळा पाण्यातून.
समुद्राकडून एकामागून एक ढग, जूनपर्यंत.
गोगलगायींनी सॅलडचे तीन वाफे खाल्ले,
चौथ्यात अंडी घातली.
गूलवेनने फळ्यावर सॅलड असं लिहिलं
आणि बाहीने पुसलं.
तो पांढरा फराटा उन्हाळाभर तसाच होता.
पैसे कुणी परत मागितले नाहीत.
एका गृहस्थांनी, नाव कशाला,
पुढच्या हंगामाला सही केली नाही.
मी केली.
घरी मात्र नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू.
सलगमचं सूप, सलगमचं भरीत,
भोपळ्याचा सांगून खपवलेला सलगमचा केक.
एलुआनने विचारलं,
आई, आपण गरीब झालो का?

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
रात्रपाळी संपवून
मी ब्रेस्तच्या रस्त्यावरल्या मोठ्या दुकानात शिरले.
तिथे कुठल्याही ऋतूत एकच उजेड असतो.
टोमॅटो होते. लाल, सारख्या उंचीचे,
शाळेच्या फोटोला उभे केलेल्या पोरांसारखे.
घेतले.
तळाशी ठेवले, वर पावाचं पाकीट आडवं टाकलं
आणि रांगेत पाहते तर पुढे तो.
पायात तेच बूट,
टाचेला आमच्या सलगमांची माती,
हातात गोठवलेले दोन पिझ्झे
आणि टोमॅटो.
हेच.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टोमॅटोंकडे.
"पोरीचा वाढदिवस," तो म्हणाला.
"रात्रपाळी," मी म्हणाले.
दोन्ही खरं होतं.
पट्टा सरकत राहिला,
यंत्र त्याच्यासाठी वाजलं तसंच माझ्यासाठीही.
तो गेल्यावर गाडीत बसून राहिले थोडा वेळ.
मी काय समजत होते त्याला?
दिवेलागणीला हा माणूस
वाफ्याकाठी बसून मातीच खात असेल?

गुरुवारी मुद्दाम उशिरा गेले.
सोआझिकने चष्मा सावरून खूण केली.
काटा दीड किलोवर थरथरला, थांबला
आणि एक अक्षर न बोलता
त्याने आणखी एक सलगम वर ठेवलं.
मापावरचं.
शिक्षा होती की वाटा, अजून कळलेलं नाही.

"किती वर्षांची झाली?"
"नऊ. सलगमला हात लावत नाही."
"आमचाही लावत नाही."
तो हसला, पुढच्या दातातली फट दाखवून.
चार वर्षांत ती फट मी पाहिली नव्हती.

मग रिकाम्या पेट्या एकात एक घालून
आम्ही त्याच्या गाडीत चढवल्या.
शेवटच्या पेटीच्या तळाला ओली माती,
मातीत एक गोगलगाय, शिंगं आत ओढलेली.
त्याने तिला चिमटीत धरलं,
इकडेतिकडे पाहिलं
आणि हलकेच कुंपणापलीकडे सोडलं,
त्याच्या वाफ्यांपासून लांब,
आमच्या बाजूला.