पान क्रमांक

पोर्ट व्हिलात दुपारी वीज गेली
की ग्रंथालयातले पंखे थांबतात
आणि कायद्याला घामाचा वास येऊ लागतो.
सतरा वर्षं मी या टेबलाशी बसते.
नाव लेइपाकोआ. मुलं आन्टी म्हणतात,
परीक्षा तोंडावर आली की मॅडम.

काल्तोंग आला तो ओल्या चपला हातात घेऊन.
सरांनी दिलेला प्रश्न एका ओळीचा:
न्गुना बेटाजवळच्या प्रवाळावर मासे कोण धरू शकतो,
आणि कशाच्या आधाराने?
उत्तर त्याने घरूनच लिहून आणलं होतं.
म्हटलं, खोड आधी.
मग सांग, हे म्हणालं कोण?

राज्यघटना काढली. बारीक अंगाची,
पण ती आली की जाडजूड खंड उठून उभे राहतात.
मग अधिनियम. हवं ते कलम सापडलं तसा
खुर्चीतून उडालाच.
बस खाली. दुरुस्ती बघितलीस?
दुरुस्ती कानामागून येते आणि तिखट होते.
तुझं कलम केव्हाच वारलं,
पुस्तकाला अजून कुणी कळवलेलं नाही.

निवाड्यांत त्याला एक सुंदर वाक्य मिळालं.
वाक्य सुंदरच होतं, पण जाता जाता म्हटलेलं;
निकाल काही त्याच्या खांद्यावर उभा नव्हता.
बाबा वाक्यं प्रमाणम् म्हणण्याआधी
बघावं, कुठलं न्यायालय, कुठलं साल,
आणि पुढे अपिलात त्या बाबाचं काय झालं.

मागच्या भिंतीला फ्रेंच खंड आहेत,
एकाच बंदरावर दोन झेंडे होते तेव्हाचे.
दोन पोलीस, दोन तुरुंग.
माझे वडील म्हणायचे, चोरी करायची तर
जेवण कुठल्या तुरुंगात बरं ते विचारून करावी.
ते खंड कुणी उघडत नाही.
मेलेत असंही कुणी म्हणत नाही.
मी धूळ पुसते.

चौथ्या दिवशी त्याच्या वहीत एक भोक उरलं.
सगळे कागद शेजारी शेजारी लावले
तरी मासा त्यातून सुटून जायचा.
आणि तिथेच घटना म्हणत होती,
रूढी काय आहे ते विचारा.
कुणाला, ते तिने लिहिलेलं नाही.

शुक्रवारच्या होडीने गेला.
मामाने दाखवलं: दगडाखाली दाबलेलं
नामेलेचं पान. बस्स.
ते दिसलं की तिथे कुणी जाळं टाकत नाही.
हाच कायदा का, मामा?
पानाचं काय विचारतोस, पान वाऱ्यानंही पडतं.
कुणी ठेवलं ते विचार.
कधी ठेवलं, कुणासमोर,
आणि उचलायचा हक्क कुणाचा.

(माझेच प्रश्न.
मी त्याच्या मामाला कधी भेटलेली नाही.)

चुलीपाशी मामी म्हणाली, थापा मारतोय हा,
ते पाणी माझ्या माहेरचं.
काल्तोंगने तेही उतरवून घेतलं, तारखेसकट.
आपण ज्याला विरोधी निवाडा म्हणतो
तो तिकडे धुराने लाल झालेले डोळे चोळत
भांडी आपटतो.

सोमवारी माझ्यासमोर बसला, तळटीप लिहायला.
नमुन्यात चौकटी असतात:
लेखक, साल, खंड, पान क्रमांक.
शेवटच्या चौकटीशी पेन अडलं.
पान होतं.
क्रमांक नव्हता.

आम्ही इतके हसलो की पहारेकरी डोकावून गेला.
मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

त्याने लिहिलं:
नामेलेचं एक पान, वाळत आलेलं,
ओहोटीच्या वेळी पाहिलं.
ठेवणारा कालमेत, माझा मामा. साक्षी दोन.
मामीला हे मान्य नाही.

सरांनी लाल शाईत विचारलं,
हा संदर्भ दुसऱ्या कुणी तपासायचा कसा?

खाली काल्तोंगचं बारीक अक्षर:
होडी शुक्रवारी सुटते.