दाद

फोन आला तेव्हा व्हॅनचं दार गोठलं होतं.
"कपाटातला दिवा," ड्रुसिला पाइक म्हणाल्या,
"सगळ्यांच्या हातानं लागतो. माझ्या नाही."
मी वहीत लिहिलं : दिवा. कधीकधी.

न्यूफाउंडलंडचा दक्षिण किनारा, सत्तर किलोमीटर बर्फ,
टोकाला स्पॅरो कोव्ह : अकरा घरं, त्यातल्या चारांतून धूर.

कपाट ओकचं, काचेच्या दारांचं.
आत लग्नातले कप, कुठल्याशा राज्याभिषेकाचा मग,
नवऱ्याच्या डार्ट्सच्या तीन ट्रॉफ्या.
बटण नाही. पितळी बिजागरीला बोट लावायचं.
एकदा मंद, मग मध्यम, मग लख्ख,
चौथ्यांदा अंधार.

मी लावलं. मंद. मध्यम. लख्ख. अंधार.
"लागतोय की," मी म्हणालो.
आमच्या धंद्यातलं सगळ्यात उर्मट वाक्य.
त्यांनी लावलं.
ट्रॉफ्या अंधारातच.

मग केलं सगळं, असल्या वेळी करतात ते.
प्लग काढला, दहा मोजले, उलटा करून खुपसला.
जावयानं बसवलेला एलईडी काढून
जुना तारेचा बल्ब लावला.
कपाट भिंतीपासून ओढलं :
मागं इस्पिकची सत्ती आणि एका माणसाची अर्धी चप्पल.
बिजागरीखालची तार घासली,
काडेपेटीएवढी डबी असते, सगळी अक्कल तिच्यात,
तीही बदलली.

मांजर आलं, बिजागरी हुंगली.
दिवा लागला.
"बघा," त्या म्हणाल्या.

"हात दाखवा जरा."
ज्योतिषासारखा मी त्यांचा तळवा खिडकीपाशी नेला
आणि वाचायला काहीच सापडलं नाही.
सव्वीस वर्षं फिश प्लांटमध्ये, कॉडच्या पट्ट्यावर,
एका हातात सुरी, दुसऱ्यात ओलं थंड काहीतरी,
वर मीठ, खाली बर्फ.
बोटांची टोकं शिंगासारखी, गुळगुळीत.
"नातीनं फोन दिलाय," त्या हसल्या,
"त्यालाही माझा अंगठा पटत नाही."

मी समजावू लागलो :
दिवा बोट ओळखत नाही, बोटातली ओल ओळखतो.
आपलं अंग चिमूटभर वीज पिऊन टाकतं,
तेवढी चोरी डबीला कळते, ती दिवा लावते.
तुमची कातडी चोरी करतच नाही.
त्यात घरात हीटर, हवा पापडासारखी कोरडी...

"म्हणजे बिघाड माझ्यात."

याला उत्तर माझ्या पेटीत नव्हतं.
मी उगाच स्क्रू मोजले.

"तीस वर्षं लिअँडरच लावायचा," त्या म्हणाल्या,
"जेवण झालं की. मी ओरडायची, बिल कोण भरणार?
मी कधी हातच लावला नाही.
तो गेल्यावर पहिल्यांदा लावला,
आणि हा दाद देईना."

बाहेर कुणाचंतरी फावडं बर्फात खरडत होतं.
मला एकदम सुचलं, तसं ते पुस्तकात नसतं :
"मनगट लावून बघा. आतली बाजू."

त्यांनी स्वेटरची बाही सारली.
जिथं रबरी हातमोजा संपायचा
तिथून पुढं वेगळीच बाई सुरू होत होती,
मऊ, निळ्या शिरांची, उन्हापाण्यानं न पाहिलेली.
ती त्यांनी पितळेला टेकवली,
तापलेल्या पोराच्या कपाळाला टेकवावी तशी.

मंद.

त्या काहीच बोलल्या नाहीत. ट्रॉफ्यांकडे बघितलं.
मग म्हणाल्या, "धूळ किती बसलीय."

जुनी डबी चांगलीच होती, मी ती परत बसवली.
पैसे फक्त पेट्रोलचे घेतले.
त्यांनी लाल बोरांच्या जॅमची बरणी हातात दिली,
वर बजावलं, वळणावर ब्रेक मारू नकोस.

वळणावर मी ब्रेक नाही मारला, आरशात पाहिलं.
अकरा घरांतल्या एका खिडकीत
मंद. मध्यम. लख्ख. अंधार.
मंद. मध्यम. लख्ख.
बराच वेळ लख्ख.
मग अंधार, आणि पुन्हा पहिल्यापासून.