वशिंड, एक नग

आर्वीच्या स्टँडमागं नागोसेंचं डीटीपी.
पेजमेकर अजून चालतं,
रफाराचा कोड बोटांना पाठ.
"पत्रक, पावतीबुक यात चोख येते, बाप्पा.
गोल तक्ते नको मागू."

सुगंधा ढोबाळेच्या मोबाईलात तक्तेच तक्ते :
चारा पिवळा, ढेप तपकिरी,
नफा एवढीशी हिरवी फाक.
फक्त 'दुग्ध' लिहिलं की जोडाक्षर फुटतं,
आणि गाय येते ती ठिपक्यांची, सपाट पाठीची.
"हे काही आपली गवळाऊ नोहे."

नागोसेंनी चष्मा पुसला, कोरल उघडलं.
ठिपके एकेक काढले.
मानेमागची रेघ धरून
वर ओढली,
थोडी अजून.

"घे. टाक तुह्या तक्त्यात."

बिलावर, जोडाक्षरासकट :
दुग्धव्यवसाय पत्रक, शंभर प्रती.
खाली पेनानं,
वशिंड, एक नग. वीस रुपये.