कपडे बदलून ये

न्जोरोत आम्ही रोग पेरतो.
पाहुण्यांनाही मी असंच सांगते, ते हसतात,
मग मी सिरिंज दाखवते.

सांजेला, दव धरायच्या आधी,
पोटरीवर आलेल्या काडीत सुई घालायची,
पाण्यात कालवलेला गेल्या हंगामाचा तांबेरा
थेंबभर आत सोडायचा.
कडेच्या ओळीतला गहू त्यासाठीच लावलेला,
आधी स्वतः पडणारा, मग शेजाऱ्याला पाडणारा.
मधल्या ओळी जगभरातून पाकिटांत आलेल्या:
नेपाळच्या, तुर्कस्तानच्या, कुठल्याशा डोंगरातल्या,
ज्याचं नाव मला लिहिता येतं, उच्चारता येत नाही.

तीन आठवड्यांनी वही घेऊन मी वाकते.
काडी दोन बोटांत फिरवायची.
सालीला चिरा, चिरांतून विटेच्या रंगाचा भुगा.
किती अंग भरलं ते टक्क्यांत लिहायचं
आणि पुढे एक अक्षर: सोसते की कोसळते.
दिवसाला नऊशे ओळी. एकोणीस हंगाम झाले.
चाळीस टक्के आणि चाळीस टक्के यांतला फरक
माझ्या अंगठ्याला कळतो, वांजाला सरांना कळत नाही.
हे ते कबूल करतात. पगारात नाही.

नियम एकच, वावरातले कपडे वावरात.
शेडमागे पिंप आहे, तिथं धुवायचे,
बुटांचे तळ घासायचे, नखं घासायची,
मग घर.
भावाचा गहू माऊच्या चढावर, मटाटूनं दीड तास.
हंगामात मी तिकडे फिरकत नाही.

पण पुतणीचं कोइतो निघालं, सोयरिकीची बोलणी,
आणि मुलाकडच्यांसमोर आत्या हवीच.
दोनदा आंघोळ केली. झगा नवा.
डोक्याचा रुमाल तेवढा रोजचाच,
निळा, चांगला दिसतो म्हणून.

वीस दिवसांनी किबिवोतचा फोन:
"ये. वही घेऊन ये."

बांधापासून सात पावलं आत,
जिथं उभी राहून मी राखेच्या वासाचं मुर्सिक प्याले होते
आणि वाऱ्यानं सुटलेला रुमाल पुन्हा झटकून बांधला होता,
तिथं ताटाएवढा डाग.
काडी फिरवली. पाच टक्के. कोसळते.
तो म्हणाला, "वारा असेल."
मी म्हणाले, "वारा असतो."
डोंगर ओलांडतो, समुद्र ओलांडतो, कुणाला विचारत नाही.
शाळेची मुलं येतात तेव्हा मीच शिकवते हे.

त्याच संध्याकाळी औषध मारलं, मापून, मी सांगितलं तेवढंच.
त्याआधी मी सहा काड्या कापून घेतल्या,
कागदी पाकिटात ठेवल्या.
प्लास्टिकमध्ये घाम सुटतो, बुरशी मरते,
आणि जिला मारायचंय तिला आधी जपून पाठवावं लागतं.
तारीख लिहिली. उंची. नमुना घेणारी: जेबेत.
"कुठून आला असावा?" असा एक रकाना असतो.
पेन चालत होतं.
तो मी तसाच सोडला.

पाकीट परदेशी गेलं, प्रयोगशाळेत.
नावगाव कळलं असतं: आमच्या पिंपामागचा, की वाऱ्याचा.
चार महिन्यांनी एक ओळ आली.
नमुना रुजला नाही, वाटेत तापला असावा.
पुन्हा पाठवा.

पुन्हा काय पाठवणार, कापणी झाली होती.
बारा पोती कमी भरली. लग्न मात्र झालं,
मुलाकडचे म्हणाले, पोरीच्या आत्याचा हिशोब पक्का आहे.

यंदा एक ओळ अजून हिरवी आहे.
सर तिच्याकडे रोज जाऊन येतात, बोलत नाहीत,
नजर लागेल अशा बेतानं.
मी तिसऱ्यांदा काडी फिरवली. स्वच्छ.
वहीत शून्य लिहिलं, शून्यावर अंगठा ठेवला,
सकाळ होती, अंगठा लाल होता.

आता भावाकडे जाते तेव्हा
तो फाटकातूनच ओरडतो, "कपडे बदललेस का गं?"
गंमत त्याची, पोरंही हसतात.
मी पर्स उघडून त्याला घडी घातलेला रुमाल दाखवते,
पांढरा, कोरा, दुकानाची चिठ्ठी तशीच,
आणि तो विचारत नाही,
रुमालच का.