सुटे पैसे

क्रेम्नित्सात शनिवारी, देवळाखालच्या उतारावर
माझं टेबल असतं. जुनी नाणी, वजनावर.
मूठ भरा, पैसे द्या, घरी जाऊन शोधत बसा.

झेल्मीरा मूठ भरत नाही.
बोटं कापलेले हातमोजे, गळ्यात घड्याळजीचं भिंग.
मसूर निवडावी तसं एकेक उचलते,
तिरपं धरते, उजेड अक्षरांवरून
हळूच घसरू देते.

"हा आकडा दोनदा उमटलाय असं वाटतं ना, वाव्रिनेत्स?
नाही. साचा उठताना जरा हलला, पायरीसारखा चपटा पडला.
याचे कोणी काही देणार नाही.
आणि हा ओरखडा टांकसाळीबाहेरचा.
तो दोष नव्हे,
ते आयुष्य."

एकदा तांब्याचं निघालं, दोनशे वर्षांपूर्वीचं,
त्यावरचा एन उलटा.
साच्यात सगळं उलटंच कोरायचं असतं.
कोरता कोरता कुणी जेवायला हाक मारली असेल,
एक अक्षर त्यानं चुकून सरळ कोरलं,
आणि सरळ कोरलेलं तेवढंच
जगात उलटं निघालं.
आम्ही दोघं हसलो. तिला खोकला लागेपर्यंत.

फेब्रुवारीत मात्र ती हसली नाही.
वीस हालेरचं नाणं, पिवळट, कुणीही फेकून देईल असं.
देशाच्या नावातलं पहिलंच अक्षर,
त्याच्या डोक्यावरची चिमुकली खूण गायब.
खूण गेली की 'च'चा 'त्स' होतो.
"साच्यात ग्रीस बसतं," ती म्हणाली, "मग अक्षर उपाशी राहतं."
साल बघितलं. भिंग पुसलं. पुन्हा बघितलं.

"तपासणीच्या पट्ट्यावर मी होते. सव्वीस वर्षं.
चुकलेलं दिसलं की उचलायचं, डब्यात टाकायचं,
डबा संध्याकाळी भट्टीत.
त्या हिवाळ्यात धाकटी अंगावर पीत होती.
रात्रपाळीला पापण्या मिटायच्या,
पट्टा चालूच."

मी काय बोलणार? डब्यातल्यांचा हिशेब
कुणाकडेच नाही. भट्टीतून सुटलं
त्यालाच आता लोक मागतील तेवढे पैसे देतात.

"किती झाले?"
मी तराजूत टाकलं.
काटा हललासुद्धा नाही.

तिनं ते हातमोज्यात सरकवलं, तळव्याशी,
आणि पुढचं नाणं
उजेडाला तिरपं धरलं.