जुनी चिठ्ठी फाडायची नाही

पहिल्या दिवशी डोन्या नेवेन्कानं मला
चाव्या दिल्या नाहीत. सुईदोरा दिला,
थोडा कापूस,
आणि तळ्यावर मेलेली एक रुपेरी टिबुकली.
"फुगवू नकोस फार. खणात झोपायचंय तिला,
नाटकात काम नाही करायचं."

बाहेर सामुद्रधुनीवरून असा वारा,
की नगरपालिकेनं कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधलेले,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
आत चार हजार पक्षी, पाठीवर निजलेले,
पाय जुळवून. प्रत्येकाच्या घोट्याला चिठ्ठी:
कुठे, कधी, कोणी. नर की मादी.
पोटात काय सापडलं.

ती काही पक्ष्यांच्या घरात जन्मली नव्हती.
बाप मेंढ्यांच्या कत्तलखान्यात कातडी सोलायचा;
सुरी कशी धरायची, ते त्याच्याकडून आलं.
संग्रहालयात ती आली ती फरशी पुसायला,
अडुसष्टच्या हिवाळ्यात.
एका संध्याकाळी डॉन अबेलार्दोच्या हातून
पेट्रेलचं कातडं मानेशी टर्रकन फाटलं.
बादली खाली ठेवून ती म्हणाली,
मला द्या.

पुढची एकेचाळीस वर्षं त्या दोन शब्दांची.

राजधानीहून साहेब यायचे, रुमाल नाकाला.
एकाच जातीची दोनशे बदकं कशाला, बाई?
ती खण ओढायची, सरकवायची,
म्हणायची, दोनशे एकावं मिळत नाहीये ना, म्हणून.
आणि चौऱ्याऐंशी साली बॉयलर फुटला तेव्हा
भिजू लागलेले खण हातगाडीवर घालून तिनं घरी नेले.
पलंगावर गरुड, पलंगाखाली पाणकावळे.
नवरा म्हणाला, मी कुठे झोपू?
उत्तराला जरा जास्तच वेळ लागला,
हे ती स्वतःच सांगायची, हसत,
चहात तिसरी साखर टाकत.

नियम एकच शिकवला तिनं. जुनी चिठ्ठी फाडायची नाही.
चुकीची असली तरी. खोटी असली तरी.
शेजारी आपली बांधायची, खाली तारीख, नाव,
आणि गप्प बसायचं.

एकदा तिनं डॉन अबेलार्दोचीच चूक पकडली.
चिठ्ठीवर बेट एक, पिसांत वाळू दुसऱ्याच किनाऱ्याची.
रात्रभर येरझाऱ्या, मग टोकदार अक्षरात:
"मला तसं वाटत नाही. ने. ओ."
म्हातारा तेव्हा जिवंत होता, निवृत्त,
गुरुवारी यायचा स्टोव्हपाशी बसायला.
त्यानं स्वतःहून तो खण उघडला.
भिंग डोळ्याशी धरलं. वाचलं. पुन्हा वाचलं.
आम्ही दोघं अंगातलं रक्त गोठून उभे.
"गाठ सैल आहे," म्हणाला,
आणि थरथरत्या बोटांनी
तिचीच चिठ्ठी नीट बांधून दिली.

ती गेली त्या वर्षी समुद्र फार शांत होता, असं लोक म्हणतात.
मला आठवतं ते एवढंच, की तिच्या एप्रनच्या खिशात
नॅप्थलीनच्या तीन गोळ्या होत्या
आणि कुणाचंतरी पीस, कुणाचं ते मला ओळखता आलं नाही.
आजही नाही.

परवा एक मुलगी आली, शिकायला. चाव्या मागत होती.
तिला दाखवायला म्हणून मी ती टिबुकली काढली,
माझी पहिली. फुगवलेलीच आहे, थोडी.
घोट्याला माझी चिठ्ठी, बावीस वर्षांचं गबाळं अक्षर: नर.
तिच्यामागे अजून एक, मी कधीच न पाहिलेली,
तारीख त्याच आठवड्याची:
"मादी. तुला द्यायच्या आधी मी उघडून पाहिली होती. ने. ओ."

सव्वीस वर्षं. रोज समोरासमोर जेवलो आम्ही.

मुलगी विचारत होती, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
मी दोरा ओढून पाहिला.
गाठ घट्ट होती.